नागपूरच्या उन्हाळ्यातलं पहिलं वॉटर कूलिंग : प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५ : मशीन आणि प्रश्न

घरचं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर. प्रोसेसर रायझन ९ ५९००एक्स, ग्राफिक कार्ड सेकंडहँड घेतलेलं आरटीएक्स ३०९०, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) ८५० वॅटचा. काम मुख्यतः ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या प्रोग्रॅममधल्या रेंडरिंगचं (अंतिम चित्र तयार करण्याचं), तेही रात्रभर चालणारं. खोली दहा बाय बारा. एसी नाही, उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लागतो.

कोणतं वॉटर कूलिंग घ्यायचं हे आजच ठरवायचं नाही. त्याआधी तीन आकडे हवेत: मशीन पूर्ण भारावर किती वॅट उष्णता टाकतं, मे महिन्यात खोली किती तापते, आणि आज नेमका कोणता भाग तापतोय. हे तीन आकडे हातात नसताना घेतलेलं वॉटर कूलिंग दिसायला छान असतं, पण मेमध्ये त्याचा उपयोग कळत नाही.

एक गोष्ट पहिल्याच पानावर लिहून ठेवायला हवी. पाणी थंडावा तयार करत नाही. ते उष्णता चिपवरून उचलून रेडिएटरपर्यंत नेतं आणि रेडिएटर ती खोलीच्या हवेत सोडतो. त्यामुळे पाण्याचं तापमान खोलीपेक्षा खाली कधीच जात नाही. मशीनने टाकलेले पाचशे वॅट तेवढेच राहतात आणि खोली तितकीच तापते. खोली थंड होईल या आशेने वॉटर कूलिंग घेणार असाल तर तो पैसा एक्झॉस्ट फॅनवर घालावा.

९ फेब्रुवारी : आजची मोजणी

खोली २७ अंश. ब्लेंडरमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही रेंडरिंगला लावले. अर्ध्या तासानंतर एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधले आकडे घेतले. सुरुवातीच्या दहा मिनिटांचे आकडे कामाचे नसतात, तोवर हीटसिंक (चिपवरचा उष्णता शोषणारा धातूचा भाग) आणि कॅबिनेट अजून तापतच असतात.

प्रोसेसर १४२ वॅटवर ७९ अंश. ५९००एक्सवर १०५ वॅट लिहिलेलं असतं, पण मदरबोर्डवरच्या सॉकेटमधून प्रत्यक्षात १४२ वॅटपर्यंत वीज जाऊ शकते. कूलिंगचा हिशेब या दुसऱ्या आकड्यावर करायचा. कमाल तापमान ९० अंश.

कार्ड ३५० वॅटवर. चिप ७४ अंश, म्हणजे ठीक. पण मेमरी जंक्शन, म्हणजे मेमरी चिपच्या आतलं तापमान, १०४. ही मेमरी ११० अंशांना स्वतःचा वेग कमी करते. खोली आज २७ अंशांवर आहे. मेमध्ये ती ३८-४० वर गेली की हे १०४ कुठे पोहोचेल हे उघड आहे.

मेमरीच का तापते, याचं कारण कार्डाच्या रचनेत आहे. ३०९० वर २४ मेमरी चिप आहेत, निम्म्या पुढच्या बाजूला आणि निम्म्या पाठीमागे. पुढच्या चिपना हीटसिंक मिळतो. मागच्यांच्या वाट्याला फक्त पाठीवरचा पत्रा आणि मधले थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) येतात.

हे मोजलं नसतं तर या मशीनला प्रोसेसरचा तयार एआयओ (सीलबंद वॉटर कूलर) लागला असता आणि मूळ दुखणं जागच्या जागी राहिलं असतं.

११ फेब्रुवारी : पैसे खर्च न करता काय होतं

एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये कार्डाचं पॉवर लिमिट ८० टक्के केलं, म्हणजे २८० वॅट. मेमरी १०४ वरून ९८ वर आली. रेंडरचा वेळ किंचितच वाढला. शेवटच्या सत्तर वॅटमध्ये या कार्डाकडून फार थोडं काम निघतं. वॉटर कूलिंगचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने आधी हा प्रयोग करावा. बऱ्याच जणांची गरज इथेच संपते.

इथे संपली नाही. मेचे दहा-बारा अंश अजून यायचे आहेत, शिवाय कार्डाचे पंखे रात्री झोपू देणार नाहीत इतके वाजतात.

१५ फेब्रुवारी : एआयओ की कस्टम लूप

एआयओ म्हणजे पंप, नळ्या, रेडिएटर आणि पाणी असा कारखान्यातूनच सीलबंद आलेला संच. उघडायचा नाही, भरायचा नाही. मशीनची उष्णता प्रामुख्याने प्रोसेसरची असेल तर पहिला संच म्हणून तोच योग्य. आमचा ठोकताळा असा: प्रोसेसर प्रत्यक्षात १२०-१४० वॅटच्या आत राहत असेल तर दोन टॉवरचा चांगला हवेचा कूलर पुरतो, उदाहरणार्थ थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई. त्यात पंप नाही, त्यामुळे पंखा सोडला तर बिघडण्यासारखं काही नाही. २०० वॅटच्या वर, म्हणजे रायझन ९ ७९५०एक्स (२३० वॅट) किंवा कोअर आय९ १४९००के (२५३ वॅट), असेल तर ३६० मिमीचा एआयओ. मधल्यांना २४० किंवा २८० चालतो, पण विदर्भात एक माप वरचंच घ्यावं.

एआयओ घेणाऱ्यांसाठी दोन सूचना इथेच. पंप हा संपूर्ण संचात सर्वांत उंच बिंदू असता कामा नये. आतली हवा वर चढते आणि पंपात जाऊन बसते. मग पंप खरखरतो आणि लवकर जातो. रेडिएटर छताला लावला की हा प्रश्नच येत नाही. पुढे उभा लावला तर त्याचा वरचा काठ पंपाच्या वर राहील असं बघावं, शक्यतो नळ्या खालच्या बाजूने. दुसरं, पंपाचा वेग मदरबोर्डच्या आपोआप चालणाऱ्या वक्रावर सोडू नये, कायम पूर्ण ठेवावा.

आपल्या मशीनमध्ये १४२ वॅट प्रोसेसरचे आणि ३५० कार्डाचे. मोठा वाटा कार्डाचा, दुखणंही कार्डाचं. कार्ड पाण्याने थंड करायचं तर लूप, म्हणजे पाणी फिरत राहणारा बंद फेरा, स्वतः बांधावा लागणार. आणि लूप बांधायचाच तर प्रोसेसरही त्यात घ्यावा. एक ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी खेळणारा धातूचा ठोकळा) आणि दोन फिटिंग (नळी जोडायचे जोड) वाढतात, बाकी सगळं तेच.

निर्णय: कस्टम लूप, मऊ नळ्यांचा. कडक नळ्या पहिल्या खेपेला नकोत. त्या गरम करून वाकवाव्या लागतात, मिलिमीटरभर चूक झाली तरी फिटिंगवर ताण येतो, आणि एक भाग काढायचा तर अख्खी नळी नव्याने करावी लागते. शिवाय पीईटीजी प्लास्टिकची कडक नळी साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. हिवाळ्यात ही मर्यादा दूर वाटते, मेमध्ये नाही.

१६ फेब्रुवारी : रेडिएटरचा हिशेब

सगळा प्रकल्प या पानावर उभा आहे.

एकूण उष्णता १४२ + ३५० = ४९२ वॅट, पंपाचे थोडे धरून ५१० मानू. सर्वसाधारण ठोकताळा असा की १२० मिमीच्या एका पंख्याएवढा रेडिएटर, पंखा मिनिटाला बाराशे-पंधराशे फेऱ्यांवर, पाणी हवेपेक्षा दहा अंश गरम असताना शंभर वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे पाच पंख्यांचा रेडिएटर, ६०० मिमी, किमान हवा. ३६० + २४० ने काम भागतं, पण पंखे सतत जोरात लागतील. ३६० + ३६० घेतला तर प्रत्येक पंख्यामागे ८५ वॅट येतात आणि आवाज बराच उतरतो.

आता मेचा हिशेब. कूलर बंद असताना खोली ४० अंश धरली. पाणी त्यावर दहा, म्हणजे ५०. कार्डाची चिप पाण्यापेक्षा बारा-पंधरा अंश वर, म्हणजे ६५. प्रोसेसर मात्र पाण्यापेक्षा पस्तीसेक अंश वर, म्हणजे ८५.

दोघांमधला हा फरक अनेकांना चकवतो. कार्डाची चिप ६२८ चौरस मिमीची, त्यावर ३५० वॅट पसरलेले. प्रोसेसरमध्ये कोअर असलेल्या दोन चिप मिळून त्याच्या जेमतेम चतुर्थांश, आणि वर धातूचं झाकण. उष्णता पाण्यापर्यंत पोहोचतानाच अडते, मग रेडिएटर कितीही मोठा लावा. त्यामुळे वॉटर कूलिंगचा खरा फायदा कार्डाला होतो. प्रोसेसरचे पाच-सात अंश उतरले तरी समाधान मानावं.

पाण्याची वरची मर्यादा आपण ५५ ठरवली. डी५ या प्रकारच्या पंपाला साधारण ६० पर्यंतचं पाणी चालतं, पाच अंश हाताशी ठेवायचे.

२३ फेब्रुवारी : कॅबिनेट

जुन्या कॅबिनेटमध्ये छताला २४० च बसतो. लियान ली ओ११ डायनॅमिक ठरलं: छत, बाजू आणि तळ अशा तिन्ही जागी ३६० बसतो. बाजूचा रेडिएटर बाहेरची हवा आत ओढणारा, छताचा बाहेर टाकणारा, तळाला तीन नुसते पंखे आत हवा घेणारे. दोन्ही रेडिएटर ३० मिमी जाडीचे; जाड घेतले तर कोपऱ्यात एकमेकांना आणि मदरबोर्डच्या वरच्या काठाला आडवे येतात.

मोजताना रेडिएटरच्या नावातल्या ३६० वर विसंबू नका. दोन्ही टोकांच्या टाक्या धरून तो ३९०-४०० मिमी भरतो. जाडीतही ३० अधिक पंख्याचे २५, म्हणजे ५५ मिमी मोकळे लागतात. फिटिंग आणि नळीचं वळण यांना आणखी ४०-५० मिमी हवेत. कॅबिनेट मागवण्याआधी हे मापाचे पुठ्ठे कापून ठेवून बघावेत.

२ मार्च : कार्डाचा ब्लॉक

सगळ्या खरेदीत सर्वाधिक काळजी इथे लागते. "आरटीएक्स ३०९० साठी" एवढं वाचून ब्लॉक घेऊ नये. एनव्हिडियाच्या स्वतःच्या कार्डाचा बोर्ड वेगळा, रेफरन्स बोर्ड (इतर कंपन्यांसाठीचा मूळ नमुना) वेगळा, आणि बड्या कंपन्यांच्या वरच्या मॉडेलचे बोर्ड आणखी वेगळे. कार्डाच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक घ्यायचा, तो ब्लॉक बनवणाऱ्याच्या यादीत शोधायचा, आणि तरीही उघड्या बोर्डाचा फोटो मिळवून कॅपॅसिटर आणि पॉवर कनेक्टरच्या जागा जुळवून बघायच्या. सेकंडहँड कार्डाच्या बाबतीत बोर्डाची आवृत्तीही तपासावी.

ब्लॉक तांब्याचा, वर निकेलचा मुलामा. रेडिएटरही तांबं-पितळेचेच घेतले. ॲल्युमिनियम या लूपमध्ये कुठेही नको. एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम आले की ॲल्युमिनियम झिजायला लागतं, पाणी गढूळ होतं आणि तो गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत अडकतो. एआयओमध्ये ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा तळ असतो, पण तिथे गंजरोधक मिसळलेलं पाणी सीलबंद असतं. स्वस्त संचातले रेडिएटर बऱ्याचदा ॲल्युमिनियमचे असतात. वर्णनात धातू लिहिलेला नसेल तर विचारून घ्या, उत्तर मिळालं नाही तर सोडून द्या.

पाठीच्या मेमरीसाठी पाणी खेळवणारी मागची पट्टीही मिळते. सध्या साधी ॲल्युमिनियमची पट्टी (ती पाण्याला लागत नाही), चांगले पॅड आणि तिच्यावर हवा मारणारा एक पंखा. मेची मोजणी पाहून पुढचं.

९ मार्च : पंप, नळ्या, फिटिंग

पंप: डी५, पीडब्ल्यूएम (मदरबोर्डवरून वेग कमी-जास्त करता येणारा), टाकीसकट. डीडीसी पंप लहान आणि दाबाला जास्त, पण स्वतः अधिक तापतो. दोन ब्लॉक आणि दोन रेडिएटरला डी५ पुरतो, तोही साठ टक्क्यांवर.

नळी: काळी ईपीडीएम रबराची, आतून १० मिमी, बाहेरून १६. तीन मीटर. पारदर्शक पीव्हीसी नळी दिसते छान, पण तिच्यातलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) वर्षभरात पाण्यात उतरतं आणि ब्लॉकच्या खाचांत चिकट पांढरा थर धरतं. गरम पाण्यात हे आणखी लवकर होतं.

फिटिंग: सगळ्यांना जी १/४ या मापाचे आटे. पंप-टाकी, दोन ब्लॉक, दोन रेडिएटर, प्रत्येकी दोन, म्हणून १० कॉम्प्रेशन फिटिंग (नळी कॉलरने दाबून धरणारे). चार फिरते ९० अंशी कोपरे. पाणी काढायला एक टी (तीन तोंडांचा जोड), एक बॉल व्हॉल्व्ह, एक दोन्हीकडे आटे असलेला जोड आणि एक बूच. पाण्याचं तापमान मोजणारा एक सेन्सर. दोन फिटिंग जादा. फिटिंगचं माप नळीच्या दोन्ही व्यासांशी जुळावं लागतं; १०/१६ ची कॉलर १०/१३ च्या नळीला धरत नाही, वरवर बसल्यासारखी वाटते आणि दाब आला की सुटते.

अंदाजपत्रक इथेच कोसळतं. ब्लॉक आणि पंपाचे पैसे सगळे धरतात, एकेका फिटिंगचे कुणी धरत नाही. परदेशातून मागवत असाल तर कस्टम ड्युटी आधीच खर्चात धरून ठेवा आणि एकाच खेपेत मागवा.

पंखे: आर्क्टिक पी१२ पीडब्ल्यूएम. रेडिएटरला दाबाचा पंखा लागतो, नुसता जास्त हवेचा नाही. एक पंखा ०.१ अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणून सहा पंखे मदरबोर्डच्या १ अँपिअरच्या एका हेडरवर (पंखा जोडायच्या पिनांवर) चालतात. पंपाची वीज मात्र थेट एसएमपीएसवरून. मदरबोर्डकडे फक्त वेगाच्या तारा.

१५ मार्च : पाणी

नळाचं नको, बोअरचं तर नकोच, आरओचंही नको. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात, आणि क्लोराइड निकेलच्या मुलाम्याला वाईट. डिस्टिल्ड वॉटर हवं. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचे कॅन मिळतात. पण "बॅटरीचं पाणी" म्हणून सुटं विकतात ते कित्येकदा साधं आरओचं असतं. घरच्या आरओसाठी वापरतात तो टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) बरोबर न्यावा. चांगलं डिस्टिल्ड ० ते २ दाखवतं. एका कॅनचा आकडा ३८ आला, तो तिथेच परत केला. सीलबंद दुसरा १.

नुसतं डिस्टिल्डही पुरत नाही. त्यात शेवाळ धरतं आणि धातूला संरक्षण नसतं. कूलंटचं (लूपमध्ये भरायच्या द्रवाचं) शंभर मिली कॉन्सन्ट्रेट नऊशे मिली पाण्यात, असं एक लिटर मिश्रण. गंजरोधक आणि जंतुनाशक दोन्ही त्यातच. रंगहीन घेतलं. दुधी रंगाच्या कूलंटमध्ये सूक्ष्म कण तरंगतात, ते वर्षभरात प्रोसेसर ब्लॉकच्या खाचांत बसतात. गाडीचा हिरवा कूलंट वापरला तर चालतो, पण त्याचा रंग ॲक्रिलिकला धरतो आणि ग्लायकॉल वाढलं की पाणी कमी उष्णता वाहतं. लूपसाठी बनवलेलंच घ्यावं.

हा लूप एक लिटरच्या आसपास घेतो. तरी पाच लिटरचे दोन कॅन, कारण धुण्यात बरंच जातं.

२२ मार्च : रेडिएटर धुणं

नव्या रेडिएटरमध्ये डाखणीचा फ्लक्स (डाखताना लावलेलं रसायन) आणि धातूचा चुरा असतो. अर्धा रेडिएटर गरम डिस्टिल्ड पाण्याने भरायचा, भोकं बुचांनी बंद, दोन मिनिटं जोरात हलवायचा, पांढऱ्या भांड्यात ओतायचा. पहिलं पाणी हिरवट, त्यात काळे कण. कण दिसेनासे होईपर्यंत हेच करत राहायचं. पाण्याला साबणासारखा फेस येत असेल तर अजून फ्लक्स आहे. हे टाळलं तर तोच चुरा सरळ प्रोसेसरच्या ब्लॉकमध्ये जातो, कारण लूपमधली सर्वांत बारीक चाळणी तीच.

रेडिएटरला पंखा लावताना २५ मिमीच्या पंख्याला ३० मिमीचा स्क्रू. ३५ चा स्क्रू पन्हळीत घुसून पाण्याची नळी फोडतो, आणि ते पाणी भरेपर्यंत कळत नाही.

२३ मार्च : कार्ड उघडणं

पंधरा मिनिटं रेंडर लावून कार्ड कोमट केलं, म्हणजे जुने पॅड आणि पेस्ट सैल होतात. मग वीज काढून स्क्रू उघडले. मूळ कूलर सरळ वर ओढायचा नाही. हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवून सुटला की उचलायचा, पंख्यांच्या तारा खाली अडकलेल्या असतात.

जुनी पेस्ट आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसली. हेच अल्कोहोल ॲक्रिलिकच्या ब्लॉकला किंवा टाकीला लावू नये, बारीक तडे जातात.

पॅडची जाडी ब्लॉकच्या पत्रकाप्रमाणेच. १ मिमीच्या जागी १.५ लावला तर ब्लॉक मेमरीवर टेकून राहतो आणि मुख्य चिपला नीट लागत नाही. लावून, सगळे स्क्रू आवळून, पुन्हा उघडून बघितलं: प्रत्येक पॅडवर चिपचा चौकोन उमटलेला, चिपवर पेस्ट कडेपर्यंत पसरलेली. नवी पेस्ट लावून पुन्हा बंद. चिपभोवतीचे चार स्क्रू कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, अर्धा-अर्धा फेरा देत. काढलेले पॅड, स्क्रू आणि मूळ कूलर एका डब्यात, नाव घालून. कार्ड विकायच्या वेळी लागतात.

२९ मार्च : जुळणी

टाकीचं पाणी पंपाच्या तोंडाशी आपोआप उतरलं पाहिजे, एवढा एकच क्रम पक्का. बाकी भाग कोणत्याही क्रमाने. आधी प्रोसेसर की आधी कार्ड, यावर फार वाद चालतो, पण हिशेब साधा आहे. मिनिटाला ४ लिटर प्रवाहात पाणी एक अंशाने तापवायला २८० वॅट लागतात. ३५० वॅटच्या कार्डातून पाणी बाहेर पडतं ते आत आलं त्यापेक्षा सव्वा अंशाने गरम. लूपभर पाणी जवळपास एकाच तापमानाला असतं. म्हणून नळ्या सर्वांत कमी लांबीत आणि सैल वळणात जातील तोच क्रम.

प्रोसेसरच्या ब्लॉकला मात्र आत आणि बाहेर ठरलेलं असतं. मधल्या खाचेतून पाणी आत. उलट जोडलं तर तीन-चार अंश वाढतात.

फिटिंगला टेफ्लॉन टेप नाही. आटे समांतर आहेत, पाणी अडवते ती ओ-रिंग (रबरी कडी). प्रत्येक ओ-रिंग जागेवर आहे का ते बघून, ओल्या बोटाने पुसून, हातानेच आवळायचं. पान्हा लावला की ओ-रिंग चेपते किंवा ॲक्रिलिकचे आटे चिरतात. नळी काटकोनात कापलेली, टोक मिनिटभर गरम पाण्यात धरून फिटिंगवर पूर्ण खाली बसवलेलं, मगच कॉलर.

पंप तळाच्या एका पंख्यावरच्या ब्रॅकेटवर, खाली रबर. सर्वांत खालचा बिंदू पंपाचं बाहेर जाणारं तोंड, तिथे टी आणि व्हॉल्व्ह.

३० मार्च : हवेची चाचणी

पाणी घालण्याआधी हवा. गेज असलेल्या हातपंपाने ०.५ बार दाब, अर्धा तास. पहिल्यांदा काटा पाच मिनिटांतच घसरला. साबणाचं पाणी मदरबोर्डजवळ लावू नये. त्याऐवजी लूपचे तुकडे बुचाने वेगळे करून तपासले. छताच्या रेडिएटरच्या फिरत्या कोपऱ्यात ओ-रिंग वाकडी बसली होती. तो बदलला, काटा स्थिर.

चाचणी चालू असताना खोलीतला कूलर किंवा पंखा चालू-बंद करू नका. हवा तीन अंशांनी निवली तरी दाब ०.०१५ बारने उतरतो आणि नसलेली गळती शोधण्यात संध्याकाळ जाते.

तीच संध्याकाळ : भरणं

फक्त पंपाला वीज. कार्ड, मदरबोर्ड आणि डिस्क यांच्या सगळ्या केबल काढलेल्या. एसएमपीएस चालू करायला २४ पिनच्या कनेक्टरला जोडणी-प्लग. तो १६ नंबरची पिन जमिनीच्या पिनेला जोडतो. प्लग लावताना एसएमपीएसचं मागचं बटण बंद.

टाकी भरायची, पंप पाच-दहा सेकंद चालवायचा, टाकी रिकामी व्हायच्या आत बंद करायचा, पुन्हा भरायची. डी५ चं बेअरिंग पाण्यावरच चालतं, कोरडा फिरला की खराब होतं. प्रवाह सुरू झाल्यावर कॅबिनेट पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे कलवलं. रेडिएटरमधली हवा खळखळत टाकीत येते. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर. रात्रभर फक्त पंप चालू. सकाळी कागद कोरडे, टाकीची पातळी दोन बोटं उतरलेली. ती बाहेर गेलेली हवा. वरून भरलं.

५ एप्रिल : पंख्यांचा वेग कशावर चालवायचा

पंखे प्रोसेसरच्या तापमानावर चालवू नयेत. प्रोसेसर सेकंदात वीस अंश उडी मारतो, पाणी मात्र सावकाश तापतं. पंखे उगाच घोंगावतात. पाण्याच्या तापमानावर चालवावे. पण नागपुरात तेही पुरत नाही. डिसेंबरच्या रात्री खोली १८, मेच्या दुपारी ४०. पाणी ४० झालं की पंखे जोरात असा नियम केला, तर मेमध्ये ते मशीन सुरू करताच पूर्ण वेगात जातात आणि काही उपयोग होत नाही.

म्हणून पाणी उणे खोली, हा फरक धरायचा. एक सेन्सर पाण्यात, दुसरा बाजूच्या रेडिएटरच्या हवा आत येण्याच्या तोंडाशी. फॅन कंट्रोल या मोफत प्रोग्रॅममध्ये दोघांची वजाबाकी करून नवा सेन्सर बनवता येतो. फरक ४ अंश: ६०० फेरे. ८: १०००. ११: १५००. पंप कायम ६० टक्के.

पाणी ५५ ला पोहोचलं तर मशीन आपोआप बंद. हे अनाठायी नाही. ५१० वॅट एक लिटर पाणी सव्वाआठ सेकंदांत एक अंशाने तापवतात. पंखे बंद पडले तर ४१ वरून ५५ ला जायला काही मिनिटंच लागतात. मदरबोर्ड पंपाचे फेरे दाखवतो, पण फेरे म्हणजे प्रवाह नव्हे. नळी दुमडली तरी पंप फिरतच राहतो. प्रवाहाचा सेन्सर पुढच्या खेपेच्या यादीत.

१८ मे : खरी परीक्षा

कूलर चालू, खोली ३१. पूर्ण भार, पाऊण तासानंतर: पाणी ४१, कार्ड ५४, मेमरी ८६, प्रोसेसर ७६. पंखे १३०० च्या आसपास.

कूलर बंद, दुपारी, खोली ३९: पाणी ४९.५, कार्ड ६३, मेमरी ९३, प्रोसेसर ८४. पंखे १४०० च्या आसपास.

मेमरीचे ९३ अजून जास्तच, पण वेग कमी होत नाही. मागच्या पट्टीवरचा पंखा बंद करून बघितला तर पाच मिनिटांत ९९. पाणी खेळवणारी पट्टी सध्या घेत नाही. तो पंखा मात्र हवाच. उन्हाळ्यापुरती प्रोसेसरची मर्यादा १४२ वरून १२० वॅट केली, ८४ चे ७९ झाले, रेंडरमध्ये फरक नगण्य.

मशीन कूलरच्या झोतात ठेवू नये. दमटपणामुळे लूपवर पाणी सुटत नाही, कारण पाणी खोलीपेक्षा गरम असतं. पण ताट्यांवरून येणारे बोअरच्या पाण्याचे बारीक तुषार रेडिएटरच्या पन्हळीत क्षाराची पांढरी पूड धरतात. मशीन झोताच्या आडव्या बाजूला सरकवलं.

२५ मे : देखभालीचं वेळापत्रक

जाळ्या उन्हाळ्यात दर पंधरवड्याला. रेडिएटर महिन्याला ब्लोअरने, आतून बाहेर. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर पंखा जनित्रासारखा वीज तयार करतो आणि ती मदरबोर्डात जाते. टाकीची पातळी महिन्याला. दर महिन्याला थोडी उतरणारच, नळीतून पाण्याची वाफ सावकाश झिरपते. कूलंट वर्षाने बदलायचा, तेव्हा प्रोसेसरचा ब्लॉक उघडून खाचा बघायच्या. त्याआधीच कार्डाचं पाण्यापेक्षा जास्त असलेलं तापमान १३-१४ वरून १८-२० वर गेलं तर पेस्ट किंवा पॅड सरकलेत. कार्ड आणि प्रोसेसर दोन्हीचं एकदम वाढलं तर प्रवाह अडलाय. पाणी आणि खोली यांतला फरक वाढला तर रेडिएटर धुळीने भरलाय.

शिल्लक कामं: प्रवाहाचा सेन्सर, व्हॉल्व्हच्या तोंडाला कायमचं बूच, जादा ओ-रिंगचं पाकीट.